आधी माळवद उतरवलं, मग पाया उघडला

किल्लारीच्या भूकंपात, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, उमरगा तालुक्यातलं आमचं घर पडलं नाही. पुढची सगळी कटकट त्यातूनच सुरू झाली. लातूर-उस्मानाबादमधली जी ५२ गावं पार गेली, ती दुसऱ्या जागी वसवली गेली. आमच्यासारख्या, घर उभं पण भिंती फाटलेल्या लोकांना जागतिक बँकेच्या मदतीच्या कार्यक्रमातून दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी पैसे मिळणार होते.

घर आमच्या भागात असतं तसंच. दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब-तुळया, वर माळवद. ओसरीच्या भिंतीला पोट सुटलेलं. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने तिथला एक दगड उपसून दाखवला. एवढी जाडजूड भिंत, पण दर्शनी दगडांची एक रांग आत, एक बाहेर आणि मधे नुसते गोटे-माती. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. हादरा बसला की रांगा फाकणारच.

कोपऱ्यातली भेग मात्र वेगळी होती. खाली केसाएवढी, वर बोट जाईल एवढी, आणि आत जुन्या चुन्याचे थर. दर दिवाळीला आई तिच्यावर चुना ओढायची. भूकंपानं ती फक्त वाढवली होती. कोपऱ्याशी खड्डा घेतला तर पाया काळ्या मातीतच संपलेला, मुरूम आणखी दोन हात खाली. शेजारी न्हाणी, तिचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरत होतं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते, वरचा कोपरा कसा स्थिर राहणार?

गवंडी म्हणाला, भेगेत सिमेंट भरू, वरून गिलावा करू. अण्णांनाही ते पटलं होतं. इंजिनिअर म्हणाला, “काका, खालचं सोडून वरचं लिंपू नका.”

आधी माळवदावरची माती उतरवली. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवा थर घातलेला, बैलगाड्या भरभरून निघाली. तुळयांना टेकू दिले. मग पाया. सगळी बाजू एकदम उघडायची नाही, हे त्यानं बजावलं होतं. दोन-अडीच हातांचा तुकडा मुरमापर्यंत खणायचा, सिमेंटमध्ये दगडी बांधकाम करून जुन्या पायाखाली घट्ट ठासायचं, ते आवळू द्यायचं आणि मधला तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. सोडलेले तुकडे नंतर. काम फार रेंगाळतं, पण दुसरा उपाय नाही. भराव मुरमाचा केला, भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उताराची फरशी घातली, न्हाणीचं पाणी पाइपानं लांब सोडलं.

भिंतींचं काम त्यानंतर. जागोजागी आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरलं. दारांच्या वर आतून-बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवला.

गावात बहुतेकांनी त्याच पैशात शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. जुन्या भिंतीखाली झोपायची धास्ती होती, त्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. पण धान्य, जनावरं आणि म्हातारी माणसं मात्र जुन्याच घरात राहिली, त्या भिंतींना कुणी हात लावला नाही.

शेवटच्या हप्त्याला पट्ट्याचा फोटो लागला. पायाला फॉर्मात रकानाच नव्हता. कारकून म्हणाला, “जमिनीखालचं आम्ही काय मोजायचं?” तो खर्च तुरीच्या पैशातून गेला.