पाच ओळींचा निकाल आणि पन्नास ओळींचं मत

रविवार, रात्री उशिरा

आमच्या पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कवर नवीन पोरगा आला की मी त्याला डिसेंबर २०२२ ची पर्वरीची मॅच सांगते, आज परत सांगितली. रणजी, गोवा विरुद्ध राजस्थान, जीसीएचं, म्हणजे गोवा क्रिकेट असोसिएशनचं, अकादमी ग्राउंड. अर्जुन तेंडुलकरची पहिलीच रणजी मॅच आणि त्याने १२० मारले. वडलांनी १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतक केलेलं, मुलानेही केलं, आता ही बातमी मोठी होणारच आणि व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याच डावात सुयश प्रभुदेसाईने २१२ मारले. द्विशतक! आपल्या गोव्याचा मुलगा, आणि देशभरच्या मथळ्यांत नाव एकच, ते त्याचं नाही.

त्या बातम्यांमध्ये खोटं काही नव्हतं. मत म्हणावं असं वाक्यही नसेल. तरीपण कोणाला पहिल्या ओळीत घ्यायचं आणि कोणाला खाली ढकलायचं हे कोणीतरी बसून ठरवलंच ना, आणि ते ठरवणं हेच मत. म्हणून कोणी छातीठोकपणे म्हणालं की आम्ही फक्त बातमी देतो, मत देत नाही, तर ते मला पटत नाही. पण मग सगळंच मत आहे तर भेद कशाला पाळायचा, असं जे हल्ली चाललंय ते तर त्याहून पटत नाही. निवड करावी लागते म्हणूनच तर जास्त जपून लिहायचं. अर्जुनचा मथळा कर, पण २१२ पहिल्या परिच्छेदात आण, एवढंच माझं म्हणणं.

आज वाद झाला तो दुसऱ्याच कॉपीवरून. इथलीच एक फुटबॉल मॅच, पोरगा स्वतः ग्राउंडवर जाऊन आलेला, उन्हात उभा राहून बघितलेली, त्याबद्दल त्याचं कौतुक आहेच, कारण हल्ली प्रेस नोटवरच भागवणारे जास्त. कॉपी उघडली. पहिलं वाक्य असं की कोचचे डावपेच सपशेल फसल्यामुळे आणि बचावफळीच्या ढिसाळ खेळामुळे यजमानांवर मानहानीकारक पराभवाची नामुष्की ओढवली. मी वाचत गेले, वाचत गेले, किती गोल झाले ते तिसऱ्या परिच्छेदात सापडलं. एक. शेवटच्या दहा मिनिटांत, पेनल्टीवर. मारला कोणी ते नाहीच.

"एका पेनल्टीत मानहानी कुठून आली रे?"

"ताई, साधं लिहिलं तर कोण वाचणार? स्कोअर सगळ्यांना मोबाइलवर मिळतोच की."

मी म्हटलं, दाखव बरं मला ह्या मॅचचा स्कोअर मोबाइलवर. त्याने शोधला. दहा मिनिटं शोधत होता. नव्हता.

आता त्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. वर्ल्ड कपची फायनल असेल, वानखेडेवरची मॅच असेल, तर रात्रीच सगळ्यांनी बघितलेली असते, सकाळी पेपरात "भारत जिंकला" एवढंच छापून काय उपयोग, म्हणून मग रिपोर्टर "का जिंकला" आणि "आता पुढे काय" कडे वळला. टीव्ही आला तेव्हापासून हे सुरू झालं आणि ते बरोबरच होतं. नंतर वेबसाइट आल्या, मग किती जणांनी उघडलं ते दिसायला लागलं, मग प्रश्नचिन्हाचे मथळे आले, कोच जाणार का, कॅप्टनला डच्चू मिळणार का. सोशल मीडियावर तर निकाल आणि त्यावरचा संताप एकाच दमात येतो. पण वानखेडेसाठी काढलेलं औषध आम्ही पेडणे आणि काणकोणसारख्या तालुक्यांना पण पाजतोय हा खरा घोळ आहे. तिथल्या मॅचला कॅमेरे नसतात. तिथे आमच्या पाच ओळी आल्या तरच ती मॅच झाली, नाहीतर चार वर्षांनी कोणी विचारलं तर सांगायला काहीच नाही.

ह्या पाच ओळी कशा येतात ते पण लिहून ठेवते. रविवारी संध्याकाळी सात-साडेसातला कुठल्यातरी गावच्या टुर्नामेंटवाल्याचा व्हॉट्सॲप येतो. वहीच्या फाटक्या कागदाचा फोटो, तो पण तिरका, अर्ध्यावर अंगठा आलेला. वर दोन गावांची नावं, मध्ये २-१, खाली "गोल: बाबू (२), जॉनी". बस. मग फोन लावायचा. पहिल्यांदा उचलत नाहीत, कारण तिकडे बक्षीस समारंभ चालू असतो आणि स्पीकरवर आमदार बोलत असतात. दुसऱ्यांदा उचलला की विचारायचं, भाऊ, बाबूचं पूर्ण नाव काय, तर तोच दुसऱ्याला ओरडून विचारतो, अरे बाबूचं खरं नाव काय रे, आणि मागून दोन वेगवेगळी नावं येतात. गोल कितव्या मिनिटाला, तर "सेकंड हाफात, पाणी दिल्यावर". मग आपण हळूहळू काढून घ्यायचं. ह्याला वीस मिनिटं जातात आणि छापून येतात पाच ओळी, बायलाइन नाही, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. आणि त्या वीस मिनिटांत ऑफिसात बसून रोहित-कोहलीवर पन्नास ओळी आरामात लिहून होतात, त्या जास्त वाचल्या पण जातात. म्हणजे घाम गाळायचं काम मागे पडलं आणि बसून करायचं काम पुढे गेलं. मत स्वस्त पडतं, बातमी महाग पडते. मालकाला पण आणि रिपोर्टरला पण.

पण त्या बाबूच्या घरी ते कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. मी बघितलंय. सत्तरी तालुक्यात एका घरी गेले होते दुसऱ्याच कामाला, तर शोकेसमध्ये आमच्याच पानाचा तुकडा, पिवळा पडलेला, मुलाच्या नावाखाली बॉलपेनने रेघ मारलेली. त्या बातमीत आम्ही "दोन्ही संघांनी प्रेक्षकांची निराशा केली" असलं काहीतरी लिहून जागा भरली असती आणि नाव गाळलं असतं तर?

मत नकोच असं मी कधीच म्हणणार नाही. उलट चांगलं मत मला हवंय, आणि ते गोव्यात कमी पडतंय. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्या गोव्याच्या फुटबॉल क्लबांनी आय-लीग ह्या राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली तेव्हा नुसती "माघार" एवढी बातमी पुरणार नव्हती. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेली, आय-लीगच्या आधीची एनएफएल दोनदा आणि आय-लीग तीनदा. असा क्लब बाजूला झाला की किती पोरांची पगाराची फुटबॉल बंद होते, आयएसएल ह्या दुसऱ्या लीगमधल्या गोव्याच्या एका टीममध्ये किती गोंयकार मावणार, हे कोणीतरी ठामपणे, नावानिशी, आकडे देऊन लिहायलाच हवं होतं. काहींनी लिहिलं पण. तसं मत म्हणजे कष्टाचं काम आहे. आणि धेंपो घराण्याचा क्लब, नवप्रभा आणि नवहिंद टाइम्स पण त्याच घराण्याचे, हे गोव्यात शेंबड्या पोराला पण माहीत. छोट्या राज्यात असं असणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण म्हणूनच वाचकाला कळलं पाहिजे की ही घटना आणि हे लिहिणाऱ्याचं म्हणणं. शीत म्हणजे भात वेगळा वाढा, हुमण म्हणजे कालवण वेगळं वाढा, ज्याने त्याने आपल्या ताटात कालवून घ्यावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये परत पर्वरीलाच, अरुणाचल प्रदेशविरुद्ध, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बखले नाबाद ३००. भागीदारी ६०६, तीपण अखंड. रणजीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, आधीचा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणेचा, २०१६ मधला नाबाद ५९४. गोवा २ बाद ७२७. त्याच मॅचमध्ये अर्जुनने २५ धावांत ५ विकेट घेतल्या, अरुणाचल ८४ ला गुंडाळलं. अंगावर काटा येतो आकडे लिहिताना! आणि लगेच काही ठिकाणी काय, तर समोर कोण होतं, प्लेट ग्रुपमधली, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातली, बॉलिंग, ह्याला काय अर्थ. अरे, हा मुद्दा आहे, खरा मुद्दा आहे, प्लेट ग्रुपमध्ये टीमांमधलं अंतर फार असतं ह्यावर लिहा, सविस्तर लिहा. पण बातमीच्या मथळ्यातच "दुबळ्या अरुणाचलविरुद्ध" असं चिकटवलं की वाचणाऱ्याने आधीच नाक मुरडलं. ६०६ हे घडलंय, त्याचं मोल किती हा वाद आहे. आधी घडलेलं नीट हातात द्या, मग वाद घाला.

रोनाल्डोचं तर काय सांगू. आमचा एफसी गोवा आणि रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र आशियाई क्लब स्पर्धेत एकाच गटात आले, ऑगस्ट २०२५ मध्ये, तेव्हापासून अख्खं गाव वेडं झालेलं, मी पण झाले होते, का होणार नाही, फातोर्ड्याला रोनाल्डो! पण येणार हे कोणी सांगितलं होतं? "येण्याची दाट शक्यता", "सूत्रांकडून समजतं", "चाहत्यांचं स्वप्न पूर्ण होणार". हे सगळं बातमीच्या जागेवर, बातमीच्या टायपात. कोणाची तरी इच्छा होती ती, माहिती नव्हती. २२ ऑक्टोबरला टीम आली, तो आला नाही. आणि त्यानंतर काय झालं, तर "रोनाल्डो आलाच नाही" हीच मोठी बातमी झाली. एफसी गोवा २-० ने मागे असताना आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला, मॅच २-१ वर थांबली, अल-नस्रसारख्या टीमसमोर गोव्याच्या पोराने गोव्याच्या ग्राउंडवर मारलेला गोल, आणि तो न आलेल्या माणसाच्या बातमीखाली दबला. मला आजपण त्याचं वाईट वाटतं.

आणि चर्चिल ब्रदर्स हा इथला फुटबॉल क्लब. तेव्हा इथे सगळ्यांचीच परीक्षा होती. २०२४-२५ ची आय-लीग संपली तेव्हा टेबलवर चर्चिल ब्रदर्स ४०, इंटर काशी ३९. पण नामधारी ह्या टीमने काशीविरुद्ध निलंबित खेळाडू उतरवला असा काशीचा आक्षेप होता, ते तीन गुण मिळाले तर काशी ४२. फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने दिले, अपील समितीने काढून घेतले, महासंघाने चर्चिलला चॅम्पियन जाहीर केलं, ट्रॉफी पण दिली. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं, आणखी एका खेळाडूच्या नोंदणीचा वाद होताच, आणि जुलै २०२५ मध्ये निकाल लागला, चॅम्पियन इंटर काशी. आता मधल्या तीन महिन्यांत इथल्या वाचकाला काय हवं होतं? नियम काय म्हणतो, कोणत्या समितीने कशाच्या आधारावर काय ठरवलं, लवादाकडे काय बाकी आहे. ह्यात भावना आड येते, येणारच, सासष्टी तालुक्यातला आपला क्लब, मला पण चर्चिलच चॅम्पियन हवे होते. पण "आमच्यावर अन्याय" अशी सुरुवात करून जी माणसं लिहीत होती त्यांच्या वाचकाला जुलैचा निकाल आकाशातून पडल्यासारखा वाटला. ज्याने नियम समजावून सांगितला त्याचा वाचक दुखावला असेल पण बुचकळ्यात नाही पडला. आपल्या टीमवर प्रेम आहे म्हणूनच आपल्या माणसांना खरं आधी सांगायचं.

तर त्या पोराला मी काय सांगितलं. डावपेच फसले असं तुला वाटतं ना, वाटू दे, तू मॅच बघितलीयस, मी नाही बघितली. कोचला फोन कर. सेंटर फॉरवर्डला का काढलं ते विचार, त्याचं उत्तर घे, मग तुला पटलं नाही तर तसं लिही. तुझ्या नावाने, वर "विश्लेषण" पट्टी लावून, पन्नास ओळी, जागा मी देते. पण आजची बातमी पहिल्यापासून लिही, कोण जिंकलं, किती, गोल कोणाचा, कितव्या मिनिटाला, पेनल्टी कशाबद्दल, प्रेक्षक होते का. तो जरा फुगला होता पण बसला लिहायला. फोन लावून गोल मारणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, वय सगळं काढलं, आणि त्यातून कळलं काय, तर तो मुलगा एरवी गोलकीपर खेळतो, नेहमीचा स्ट्रायकर आजारी म्हणून त्याला आज पुढे टाकलेला, आणि पेनल्टी मारायला दुसरं कोणी तयार नव्हतं. एवढी सुंदर गोष्ट "मानहानीकारक" खाली गाडली गेली होती! तो मथळा झाला.

उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी एकच गोष्ट मागणार आहे. तालुक्यांच्या निकालांची चौकट पूर्वी पान बाराला खाली डावीकडे असायची, जाहिरात आली की आधी तीच उडायला लागली आणि मग कोणाला न विचारता बंदच झाली. ती परत हवी. सोमवारी तरी, कारण रविवारीच सगळ्या मॅचेस होतात. जाहिरात आली तर माझा अग्रलेखाच्या पानावरचा खेळाचा कॉलम उडवा, चौकट नाही. जाहिरात विभागवाले कुरकुर करतील, संपादक म्हणतील बघूया. मी सोबत गेल्या महिन्यातल्या, आपल्याकडे येऊन पडलेल्या आणि कधीच न छापलेल्या निकालांचे प्रिंटआउट नेणार आहे, सगळे अंगठे-बिंगठे आलेले फोटो, टेबलावर ठेवते त्यांच्यासमोर.