तुम्ही विचारलंत म्हणून: भाकर असताना पिझ्झा कशाला?

"घरात ज्वारीची भाकर आहे ना, मग पिझ्झाच कशाला पाहिजे?" लग्नात, हुरड्याला, बँकेच्या रांगेतसुद्धा. आजवर हसून सोडून देत आले. आज सांगतेच.

भाकर मला आवडते. मालदांडीची, पापुद्रा सुटलेली, वर ठेचा. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला न सोसणारा आजार, निघाला तेव्हा मीच डॉक्टरांना ऐकवलं होतं, "आम्ही जालन्याची माणसं, गव्हावाचून आमचं काय अडतंय?" त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, आता कीव येते. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं, हे तिला कुठं माहीत होतं? आणि अडतं ते घरी नाही, चारचौघांत बसल्यावर.

भाचीचा वाढदिवस होता, संभाजीनगरला. मेनूवर 'ज्वारी बेस, ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं. वेटरला तीनदा विचारलं. "मॅडम, प्युअर ज्वारी." पिझ्झा आला, आणि खोटं कशाला बोलू, झकास होता. कड कुरकुरीत, ज्वारीचा तो किंचित गोडसर वास. दोन तुकडे खाऊन हात धुवायला उठले. काचेपलीकडे किचन. पोरगा ज्वारीचा गोळा थापत होता आणि चिकटू नये म्हणून ओट्यावर मैदा भुरभुरत होता. शेजारी कापायचं चाक, त्याला मघाच्या मैद्याच्या पिझ्झाचं चीज तसंच चिकटलेलं.

"दादा, हा मैदा?"

"जरासाच हो ताई. बेस ज्वारीचाच आहे की."

तो फसवत नव्हता. त्याच्या हिशेबी चिमूट म्हणजे काहीच नाही. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं. ओट्यावरच्या चिमटीला कोण तोलणार? मी ओरडायला हवं होतं. परत येऊन गप बसले. भाची मेणबत्त्या विझवत होती. ताई म्हणाली, "का गं, आवडला नाही?" म्हटलं, पोट भरलं.

बदनापूरला गाडी थांबवावी लागली. पुढे चार दिवस रजा.

आता दुपारी चारला, गर्दी नसताना, फोन करते. पीठ वेगळं मळता का, ट्रे वेगळा का, चाक वेगळं का? बरेचजण दुसऱ्या प्रश्नाला वैतागतात. एकानं मात्र तांदळाच्या पिठात इसबगोल घालून, फॉइलवर वेगळा भाजून दिला. चव पुठ्ठ्याची. सगळा संपवला.

का? सगळ्यांसमोर डबा उघडला की टेबलावरचा विषय माझं पोट होतं, म्हणून. हट्ट म्हणा हवं तर. घरचे म्हणतातच. कधी मलाही पटतं, मग कुठूनतरी भाजलेल्या चीजचा वास येतो.

पुढच्या महिन्यात भाचीचा वाढदिवस. ताईनं विचारलंय, या वेळी घरीच करू का? अजून काही बोलले नाही.