मधला भाग

तीन भागांच्या कादंबरीतल्या दुसऱ्या भागाचं कौतुक कुणी फारसं करत नाही. पहिल्याला नवलाई असते, तिसऱ्याला शेवट असतो, मधल्याच्या नशिबी नुसती पायपीट. माझं मत नेमकं उलटं आहे आणि त्यात मालवणच्या पावसाचा थोडा हात आहे.

टोल्कीनचं 'द टू टॉवर्स', म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग, मी ऐन आषाढात वाचायला घेतलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झापांखाली, बाजारात ताजी मासळी नाही, दुपारी लाईट असेलच याची खात्री नाही. जाडजूड पुस्तकाला याहून चांगला मुहूर्त कुठला? दमट हवेने पानं मात्र फुगतात, एकमेकांना चिकटतात. अंगठा जरा ओला असला की दोन पानं एकदम उलटतात आणि आपण गोष्टीतल्या रोहन राज्याच्या माळरानावरून मधलं काहीच न कळता थेट हेल्म्स डीप किल्ल्याच्या तटाखाली उभे!

खरं म्हणजे टोल्कीनच्या लेखी हा दुसरा भाग नव्हताच. त्याने लिहिली ती एकच अवाढव्य कादंबरी. महायुद्धानंतर कागद महाग, एवढा ठोकळा खपेल की नाही याची प्रकाशकाला धास्ती, म्हणून तिचे तीन तुकडे झाले. पहिला जुलै १९५४ मध्ये आला, दुसरा त्याच नोव्हेंबरात, तिसरा थेट ऑक्टोबर १९५५ मध्ये. त्यामुळे मधल्या तुकड्याला धड तोंड नाही, धड शेपूट नाही. सुरुवातीला मागची हकीकत थोडक्यात छापलेली, एवढीच काय ती सोय.

पण यात बिघडलं काय? आमच्या घरी चातुर्मासात श्रीधरांचा 'पांडवप्रताप' लागायचा. अध्याय ६४. शेजारचं कुणी मधल्याच अध्यायाला येऊन टेकायचं, सुपारी कातरत ऐकायचं, उठून जायचं. पहिल्या भागात नावं आणि नकाशे पाठ करण्यात जीव जातो, तिसऱ्यात सगळ्यांचे हिशेब मिटवायचे असतात. मधल्या भागात माणसं ओळखीची झालेली असतात आणि घाई कुणालाच नसते.

ट्रीबिअर्डला तर नाहीच नाही. हा एन्ट म्हणजे झाडांचा राखणदार, चालताबोलता. त्याच्या जमातीची सभा तीन दिवस चालते. शहरातल्या माझ्या मित्राला ते प्रकरण रटाळ वाटलं. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, अशा धाकात आम्ही वाढलो; सारुमान हा दुष्ट जादूगार झाडं तोडत सुटला तेव्हाच मला कळलं, आता याची धडगत नाही.

काकी शेजारी बसून भाजलेल्या आठळ्या सोलत होती. वरचं पांढरं टरफल नखाने उडवायचं, आतली तांबूस साल तशीच ठेवायची, हे काम न बघता चालतं, त्यामुळे कान मोकळे. तिला मी गोष्ट सांगत होतो. म्हातारा जादूगार गँडाल्फ परत आला तेव्हा तिने हात थांबवला.

"तो म्हातारो मेल्लो ना? मगे इलो खंयसून?"

त्याला परत पाठवलं, म्हटलं. ते पटलं तिला, पुराणं ऐकलेली बाई. अडलं वेगळ्याच ठिकाणी. या पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात नायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम येतच नाहीत. जिच्यापायी सगळी गोष्ट घडते ती अंगठी ज्या फ्रोडोच्या गळ्यात, तोच गायब! टोल्कीनने एका वाटेची गोष्ट पुरती संपवली आणि मग दुसरी वाट धरली. काकी दर थोड्या वेळाने विचारायची, "त्या झिलाचा काय झाला?" मी म्हणायचो, येतोय. मला स्वतःला ही मांडणी धाडसी वाटते. फ्रोडोची काळजी आपल्याच मनात वाढत राहते, लेखकाला काही करावं लागत नाही.

आणि तो भेटतो तेव्हा शेवटी काय, तर शेलॉब नावाची अजस्र कोळीण त्याला डसते, मेला समजून सॅम अंगठी घेऊन निघतो, मग कळतं की तो जिवंत आहे पण शत्रूच्या हाती. दार बंद, सॅम बाहेर, पुस्तक खलास. त्या वेळच्या वाचकांनी यावर अकरा महिने काढले.

"आता सोडवतलो मा त्येका?" काकीने विचारलं.

तिसरा भाग उद्या काढू, म्हटलं.

"उद्या कित्याक? लाईट इली मा!"