क्यू आहे, यू नाही

दसऱ्याच्या सुट्टीत लेकीला इंग्रजीचा गृहपाठ एका पानाचाच होता, म्हणून मी ऐटीत म्हणालो, "आण की इकडं." तिथंच चुकलं.

ती सातवीत, इंग्रजी माध्यमात. मी खानापूरच्या मराठी शाळेतला, एबीसीडी पाचवीत भेटलेली. कागदावर वीस प्रश्न होते. इतक्या अक्षरांचा शब्द शोधा, त्यात अमुक अक्षरं पाहिजेत, तमुक नकोत, विशेषनाम चालणार नाही. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: मोबाइल वापरायचा नाही, शब्द छापील डिक्शनरीत बघायचा आणि पान नंबर लिहायचा. ही ओळ मी वाचलीच नव्हती. तुमच्यावर असली पाळी आली तर पहिल्यांदा तीच वाचा.

एकोणीस शब्द दोन दिवसांत झाले. एका ठिकाणी सात अक्षरी शब्द पाहिजे होता, बी, जी आणि एम असलेला. लेकीनं झटक्यात जुनं 'बेलगाम' लिहून टाकलं. बी-ई-एल-जी-ए-यू-एम, सात घरं बरोबर भरली. पण ते विशेषनाम, शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं नाव बेळगावी झालं, म्हणजे इंग्रजीत आठ अक्षरी. मग शेवटी आय-एन-जी बसवून उरलेल्या चार घरांशी झटापट केली आणि 'बीमिंग' निघालं. लांब शब्दाला आधी शेपूट लावून बघा, निम्मं काम तिथंच होतं. आणि पाचही स्वर नकोत असं म्हटलं असेल तर वाय धरायचा. सहा अक्षरी 'रिदम' तसाच सापडला, आर-एच-वाय-टी-एच-एम.

विसावा प्रश्न: पाच अक्षरी शब्द. त्यात क्यू पाहिजे, यू नको, आणि सुरुवात क्यूनं नको.

आमच्या वडिलांना पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. ते म्हणाले, "पाच अक्षरी म्हणजे लांबच शब्द की रे." त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले. मराठी कोड्यात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, इंग्रजीत स्वरालाही वेगळं घर द्यावं लागतं. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, "मग ते कोडं सोडवतात की भाडेकरू ठेवतात?"

आम्हाला शाळेत क्यूच्या पाठीमागं यू असतोच असं घोकून घेतलेलं. क्वीन, क्विक, क्वेश्चन. डिक्शनरीही इथं कामाची नाही, कारण ती पहिल्या अक्षरानं लावलेली असते. क्यू मधेच कुठंतरी दडला असेल तर काय ए पासून झेडपर्यंत वाचत बसायचं? लेकीनं एफपर्यंत वाचलं, खरंच वाचलं. मग रडली.

सुटका झाली शेजारच्या चाचींमुळं. त्यांच्याकडं लग्नाची पत्रिका आली होती, इंग्रजीत छापलेली. त्यात नवऱ्यामुलाचं नाव तारिक, शेवटी नुसता क्यू. मी विचारलं, हे कसं काय? चाची म्हणाल्या, उर्दूत दोन क असतात, हा बडा काफ, घशातून येणारा, इंग्रजीत लिहिताना त्याला क्यू लावतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फकीर! तलाक! निकाब! जन्मभर ऐकलेले शब्द, आणि मी क्वीनच्या दारात उभा.

घरात भावाची कॉलेजातली जुनी, पुठ्ठा गेलेली डिक्शनरी होती. फकीर सापडला, पण के घालून. बाजूला दुसरं स्पेलिंग दिलेलं, एफ-ए-क्यू-यू-आय-आर. म्हणजे यू परत आलाच, आणि अक्षरं सहा! निकाब त्या डिक्शनरीत नव्हताच. नवी आवृत्ती विकत घ्यायचा विचार आला, किंमत बघितली, विचार गेला.

मग बेळगावातलं एक वाचनालय गाठलं. नाव सांगत नाही. नवी जाडजूड डिक्शनरी तिथं आहे, काचेच्या कपाटात, मी डोळ्यांनी बघितली. कपाटाला कुलूप. किल्ली ज्या बाईंकडं त्या रजेवर. टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "नाळे बर्री." उद्या या. उद्या गेलो. बाई आल्या नव्हत्या. "नाळे बर्री." खानापूरहून बसनं जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, आणि पावसानं त्या आठवड्यात छत्री मोडली होती ते वेगळंच. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. डिक्शनरी वीतभर अंतरावर. कन्नड मला येतं, भांडण्याइतकं मात्र येत नाही. ह्याची खंत त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

तिसऱ्या दिवशी बाई भेटल्या. भली बाई. म्हणाल्या, "फोन करायचा होतात की, किल्ली टेबलाच्या खणातच असते." टेबलावरचा माणूस तेव्हाही पेपरच वाचत होता. तर अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करा, आणि किल्ली कोणाकडं असते तेवढंच विचारा.

एन काढलं. एन-आय-क्यू-ए-बी. होता! मी मोठ्यानं "सापडला!" म्हणालो, दोन म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. पान नंबर हातावर पेनानं लिहून घेतला.

शाळा उघडली. विसाव्या प्रश्नावर लाल गोल. शाळेतल्या बाईंची डिक्शनरी वेगळ्या आवृत्तीची, त्या पानावर त्यांना भलतेच शब्द दिसले. त्यांनी पुढचं पान उलटून बघितलं नाही. म्हणून सांगतो, पान नंबराबरोबर आवृत्तीचं सालही लिहून घ्या. मी लिहिलं नव्हतं.

चौथ्यांदा बेळगावला गेलो. कपाट उघडं होतं. परवानगी काढून त्या पानाची आणि सालाच्या पानाची झेरॉक्स काढली, वहीला स्टेपल केली. लाल गोलावर लाल टिक आली. लेक म्हणाली, "बाबा, वर्गात हा शब्द आणि कोणालाच आला नाही." चाचींना दाखवायला तिनं वही तशीच पळवली. मी आतून ओरडलो, "झेरॉक्स फाडू नकोस!"