जुनी .३२ डबल-अ‍ॅक्शन, पणजी : तपासणीची नोंदवही

सौद्यातली रिव्हॉल्वर भारतीय आयुध निर्माणीची .३२ टॉप-ब्रेक आहे, म्हणजे वरचा लॅच सोडला की बिजागरीवर मोडून उघडणारी. सहा चेंबर, ७६ मिमी बॅरल, मूळ घाट वेब्ली मार्क ४ चा. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर, आरशासारखं आहे, आणि संशयाची सुरुवात तिथूनच होते. किनाऱ्याजवळच्या घरात अनेक पावसाळे काढलेलं ब्लूइंग असं राहत नाही. पॉलिश मारून पुन्हा ब्लू केलं की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती उथळ खळगा पडतो. इथे दोन्ही दिसतात. त्यात गुन्हा काही नाही, पण चमकेचे पैसे द्यायचे नाहीत.

नोंद १ : कागद

परवान्यावरचा आणि फ्रेमवरचा क्रमांक एकेक अंक वाचून जुळवला. पॉलिशखाली क्रमांक पुसट झाला असता तर सौदा तिथेच संपवायचा होता. खोडलेल्या क्रमांकाचं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं, तो क्रमांक त्यानेच खोडला असं कायदा गृहीत धरतो. खाजगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं असतं. उत्तर गोव्यासाठी हा अर्ज पणजीला, दक्षिणेसाठी मडगावला. घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा आहे का हे आधी पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवानाधारक विक्रेत्यामार्फत व्यवहार केला तर खर्च थोडा वाढतो, डोकेदुखी कमी होते.

नोंद २ : काडतुसाचा घोळ

परवान्यावर नुसतं ‘.३२’ लिहिलेलं असतं, पण .३२ दोन आहेत. रिव्हॉल्वरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, केस (काडतुसाची धातूची नळी) सुमारे २३.४ मिमी. पिस्तुलाचं ७.६५ मिमी, केस साधारण १७ मिमी. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये बसतं, उडतंही, पण त्याचा दाब बराच जास्त असतो. मालक ‘कधीच नाही’ म्हणतील. चेंबर काय म्हणतात ते टॉर्चने पाहायचं. आखूड केस वारंवार वापरली असेल तर तोंडापासून १७ मिमीच्या आसपास जळाल्याचं कडं पडतं, आणि पुढे लाँग काडतूस त्या कड्यात अडकून काढताना जड जातं. इथे कडं नाही. दोन चेंबरांत बारीक गंजखड्डे आहेत, ब्रशने काळं निघालं, खड्डे राहिले.

नोंद ३ : टायमिंग

इथे वेळ द्या. निम्मे ग्राहक इथेच फसतात.

रिव्हॉल्वर उघडून सहाही चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. मालकाची परवानगी घेऊन चेंबरांत डमी काडतुसं. सिलिंडरवर मार्करने १ ते ६ आकडे घातले. मग डाव्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून, म्हणजे थोडा अडथळा देत, हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश मागे. हॅमर पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा निदान त्याच क्षणी सिलिंडर ‘टक’ करून लॉक झालाच पाहिजे. पटकन डबल-अ‍ॅक्शन (हॅमर हाताने न ताणता थेट ट्रिगर) ओढून पाहणाऱ्याला दोष कधीच दिसत नाही, कारण सिलिंडर स्वतःच्या वेगाने उरलेलं अंतर कापून लॉक होतो.

निकाल: पाच चेंबर ठीक, ४ नंबर उशिरा. हॅमर मागे अडकल्यावरही सिलिंडर बोटाने किंचित पुढे ढकलला तेव्हा लॉक झाला. सहाही उशिरा असते तर सिलिंडर फिरवणारा पॉल झिजलाय असं म्हणता आलं असतं. एकच उशिरा म्हणजे रॅचेटचा (सिलिंडरमागचं दातेरी चाक, ज्याला पॉल ढकलतो) तेवढा दात खाल्ला गेलाय. परिणाम एकच: चेंबर बॅरलसमोर पुरता आलेला नसताना हॅमर पडतो, गोळी बॅरलच्या मागच्या तोंडाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारच्या लेनमध्ये उभा असलेला माणूस तुम्हाला ते लगेच सांगेल.

हॅमर ताणून मागून अंगठ्याने पुढे रेटला, घसरला नाही. ट्रिगर दाबून धरलेला असताना सिलिंडर आडवा हलवला, जेमतेम हालचाल. तेवढी चालते. जुन्या कोल्टसारखा घट्ट लॉक या घाटात अपेक्षितच नाही.

नोंद ४ : फीलर गेज

सिलिंडर आणि बॅरल यांमधली फट, फीलर गेजच्या पातळ मापपात्यांनी, सिलिंडर मागे रेटून: ०.२५ मिमीची पाती जाते, ०.३० ची जात नाही. पुढे रेटून: ०.१५ ची जाते, ०.२० ची नाही. फरक ०.१० मिमी, तोच एंडशेक, म्हणजे सिलिंडरची पुढेमागे हालचाल. ०.०८ पर्यंत कुरकुर नसते. त्यापुढे सिलिंडर दर फायरला पुढेमागे आपटत राहतो, झीज वाढते आणि प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) हॅमरचा ठोका हलका पडू लागतो. टॉप-ब्रेकमध्ये बिजागरी ढिली झाली तरी हा आकडा फुगतो, म्हणून बॅरल आणि मूठ दोन हातांत धरून पिळून पाहिली. बिजागरी आणि वरचा लॅच दोन्ही घट्ट. म्हणजे झीज सिलिंडरच्या आसावरच आहे.

नोंद ५ : मुठीखालचं

मुठीच्या पट्ट्या काढायला मालक नाखूष असतात. काढायला लावाच. खारा दमट वारा आधी तिथे शिरतो. मेनस्प्रिंगच्या (हॅमरला जोर देणारी स्प्रिंग) बुडाशी तांबूस थर आहे, आणि तो चिकट आहे. खोबरेल तेल. आपल्याकडे सगळ्याला तेच लावायची सवय, पण ते कालांतराने घट्ट होऊन घाण धरून ठेवतं. व्ही आकाराच्या या स्प्रिंगवर खोल गंजखड्डा असता तर ती तिथूनच तुटली असती. इथे रॉकेलने पुसल्यावर पृष्ठभाग साफ निघाला. कातडी पाकिटात ठेवल्याची खूण सिलिंडरच्या एकाच बाजूला आहे. कातडं ओल धरतं, ठेवण्यासाठी ते नव्हेच. निवडणुकीत ठाण्यात जमा असताना शस्त्र कसं ठेवलं जातं ते आपल्या हातात नसतं. जमा करण्याआधी पातळ गन ऑइल आणि परत आल्याच्या दिवशीच पूर्ण सफाई, एवढं करता येतं.

बॅरल: रायफलिंगच्या (आतल्या पीळदार खाचांच्या) कडा ठीक. मधे कुठे काळी गोल सावली नाही, म्हणजे अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडून फुगवलेली नाही. मागच्या तोंडाला तडा नाही, शिशाचा थर आहे, ४ नंबरशी जुळणाऱ्या बाजूला जास्त.

सध्याची स्थिती

मागितलेल्या किमतीला नाही. ब्लूइंग, मूठ, चेंबरातले बारीक खड्डे ही भावातली घासाघीस. रॅचेट आणि एंडशेक ही दुरुस्तीची बाब, आणि ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. घरी कानस लावून रॅचेट ‘बसवायला’ जाऊ नका. दुरुस्ती विकणाऱ्याच्या खर्चाने आणि त्याच्याच परवान्यावर, आधी.

त्यानंतर मालकाने रेंजवर खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘केएफ’ छापाच्या काडतुसांनी प्रत्येक चेंबरमधून दोन अशा १२ गोळ्या झाडून दाखवायच्या. फटीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर पांढरं पुठ्ठं. काजळी धरली तर चालेल, शिशाने भोकं पडली तर नाही. रिकाम्या केस चेंबरच्या क्रमाने ठेवायच्या आणि प्रायमरवरचा ठोका पाहायचा. ४ नंबरच्या दोन्ही केसवर तो मध्यभागी आला तर ४५ दिवसांचा अर्ज. सरकलेला दिसला तर मार्कर पुसून रिव्हॉल्वर परत.