आमची वाटचाल: एका ‘टक्’ची गोष्ट

आमचा धंदा एका वाक्यात सांगायचा तर घरगुती ओव्हनची कार्डं, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, दुरुस्त करणं. बदलणं नव्हे, दुरुस्त करणं. हा फरक ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. खरं तर त्यांनीच वाचावं.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा तेव्हाचा भागीदार. एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, एक मल्टिमीटर आणि लाकडी फळीवर घरीच ठोकलेला सिरीज बोर्ड. तो बोर्ड अजून आहे. संशयित कार्ड आधी १०० वॅटच्या बल्बमागे लावायचं. बल्ब भगभगीत पेटला की कार्डात शॉर्ट, विझलेला राहिला की पुढे जायचं. नंतर चांगली मीटरं आली, पण नवीन पोरगं कामाला लागलं की पहिला महिना मी त्याला त्या फळीवरच बसवतो. फळीचा होल्डर तीनदा बदललाय. बल्ब मोजलेले नाहीत.

पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते कपॅसिटर आले.

या धंद्यातल्यांना माहीत आहे, बऱ्याच ओव्हनच्या कार्डात ट्रान्सफॉर्मर नसतो. मेन लाइनमधूनच एका एक्स-२ (थेट मेन लाइनवर बसवायच्या) कपॅसिटरमार्फत वीज उतरवलेली असते, बहुतेक वेळा पॉइंट फोर सेव्हनचा. लाइनमध्ये झटका आला की आतल्या फिल्मवरचा धातूचा थर चिमूटभर जळतो. कपॅसिटर शॉर्ट होत नाही, झिजतो. ०.४७ मायक्रोफॅरडचा ०.२ वर आला की करंटही त्याच प्रमाणात उतरतो. आकडे दिसतात, बटणं बीप देतात, गिऱ्हाईक म्हणतं पॅनल तर चालू आहे. पण रिले, म्हणजे तापणाऱ्या एलिमेंटची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, ओढायला जोर उरलेला नसतो. ‘टक्’ येत नाही, आणि टक् नाही तर एलिमेंट तापत नाही. कधी कधी रिले नुसताच टरटरतो.

आम्ही तो एकच कपॅसिटर बदलायचो आणि ओव्हन सुरू व्हायचा. त्या वर्षी एका पुरवठादाराने स्वस्तात माल दिला. अंगावर एक्स-२ छापलेलं, सगळे शिक्के जागच्या जागी. मी मीटरवर तपासला, पॉइंट फोर सेव्हन बरोबर दाखवला. आणखी काय तपासणार होतो? चार-पाच महिन्यांत ओव्हन परत यायला लागले. आधी वाटलं ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेला टाका, असेल. रिलेच्या पायांना पुन्हा टाके मारले. दोन दिवस चालायचे, पुन्हा तेच. भागीदार म्हणाला, कार्डंच बदलून टाकू, कटकट मिटेल. मी नाही म्हटलं.

त्यातून बाहेर काढलं बाईंनी. शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं होतं, आणि आमचं पहिलं गिऱ्हाईकही त्याच. त्यांचाही ओव्हन परत बंद पडलेला. मी स्क्रू ड्रायव्हर काढला तर म्हणाल्या, “आधी हे वाच, मग उघड.” हातात वही ठेवली. तारीख, वेळ, पॅनलवरचा आकडा, रिलेचा आवाज आला की नाही. एका रकान्यात पॅनलच्या आकड्यांचा नुसता “उजेड”: दुरुस्तीनंतर पहिल्या आठवड्यात “स्वच्छ”, मग “जरा फिका”, मग “टक् झाल्यावर फिका”, शेवटी “टक् नाही”. वही मिटायच्या आधीच कळलं. टाका सुटला की उजेड एकदम जातो. हा महिनोनमहिने उतरत होता. माझाच बसवलेला कपॅसिटर काढला, मीटरला लावला. ०.१९.

त्या खेपेतला एकूण एक कपॅसिटर आम्ही फुकट बदलून दिला. पुरवठादार म्हणाला, तुम्ही जास्त तापवून बसवले असतील. भागीदार त्याच महिन्यात वेगळा झाला आणि सगळीकडे सांगत सुटला, “ते जुन्यावर सोल्डर मारतात, आम्ही नवं कार्ड टाकतो.” सहा महिने टेबल रिकामं. शिकाऊ पोरगा सोडला, आयर्न मात्र रोज तापवत होतो. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि हो, मला ते लागतं.

नवं कार्ड टाकणाऱ्यांना एक विचारा, आधी सेन्सर मोजला होता का? पीटी-१००० (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) असेल तर २५ अंशांना १०९७ ओहमच्या आसपास दाखवायला हवा. तो ओपन असेल तर नवं कार्डही तोच एरर दाखवणार. कूलिंग फॅन फिरतो का, हे पाहिलं? फॅन अडकलेला असेल तर नवं कार्डही तसंच भाजून निघेल.

आणि गिऱ्हाइकांनो, वीज जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकत असेल तर आधी वेळ लावा. वेळ लावल्याशिवाय तापतच नाहीत असे ओव्हन पुष्कळ आहेत. किल्लीचं चित्र दिसलं तर चाइल्ड लॉक आहे. पॅनलवर थेट फवारा मारू नका, ओल टचच्या मागे शिरते आणि बटणं आपोआप दाबली जातात. घरी उघडायची हौस असेल तर एवढं ऐका: असल्या कार्डावरचे पाच व्होल्टसुद्धा मेन लाइनला जोडलेले असतात, हात लावला तर शॉक बसतो. नुसतं बटण नव्हे, एमसीबी पाडा.

आता आम्ही बदललेल्या प्रत्येक पार्टवर मार्करने तारीख घालतो. ही बाईंचीच सवय. त्यांचा ओव्हन अजून चालतो, वही तिसरी आहे.

त्या नव्या कार्डवाल्याकडे हल्ली जुन्या मॉडेलची कार्डं मिळत नाहीत. त्याचा मुलगा पिशवीत घालून आमच्याकडे आणतो, वडिलांचं नाव सांगत नाही. मीही विचारत नाही. काम करून देतो. फक्त नंबर आला तरी दहा मिनिटं उगाच बसवून ठेवतो, सिरीज बोर्डासमोर.