प्रकटबीज वनस्पतींचा संग्रह : उंबळीचा कागद नेमक्या कोणत्या खणात?

या पावसाळ्यात संग्रहात नवे नमुने फारसे आले नाहीत. जुनी मांडणी मोडून नवी लावण्यातच दोन महिने गेले; सर्वांत अडवले ते उंबळी या रानवेलीच्या कागदाने, म्हणजे कागदावर लावलेल्या वाळक्या नमुन्याने. प्रकटबीज वनस्पतींचे, म्हणजे ज्यांची बीजे फळात बंद नसतात अशा वनस्पतींचे, शंकू, बिया आणि वाळवलेल्या डहाळ्या मी आतापर्यंत बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पद्धतीने ठेवत आलो, कारण महाविद्यालयात तीच शिकलो होतो. त्यांच्या 1862 ते 1883 या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रकटबीज वनस्पतींना द्विदलिकित आणि एकदलिकित यांच्या मधोमध बसवले आहे आणि त्यांची नीटेसी, कॉनिफेरी व सायकॅडेसी अशी तीनच कुले मानली आहेत. तीन खण सोयीचे होते खरे, पण त्यात गिंको हा वृक्ष शंकुमंतांमध्ये (कॉनिफेरी), म्हणजे पाइनसारख्या शंकू धरणाऱ्या झाडांमध्ये, जात असे. 1896 मध्ये जपानमध्ये हिरासे यांनी गिंकोच्या आणि इकेनो यांनी ताडासारख्या दिसणाऱ्या सायकसच्या पोहणाऱ्या पुंपेशी दाखवल्या, ज्या शंकुमंतांत नसतात, आणि पुढच्याच वर्षी गिंकोसाठी स्वतंत्र गण मानण्यात आला. माझ्याकडे त्याचे एकच पंख्यासारखे पान आहे. त्याला आता स्वतंत्र खण दिला.

शंकुमंतांचे काम लवकर उरकले. टॅक्सोडिएसी कुल क्युप्रेसेसीत, म्हणजे सायप्रसच्या कुलात, विलीन झाल्यामुळे दोन पाकिटे एकत्र केली. रोपवाटिकेतून ‘थुजा’ म्हणून आलेल्या मोरपंखीच्या चिठ्ठीवर प्लॅटिक्लॅडस लिहिले. यू वृक्षाच्या बीजाभोवती शंकूऐवजी लाल मांसल पेला असतो, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लोरिन यांनी त्याला शंकुमंतांतून बाहेर काढले होते. जनुकीय अभ्यासानंतर तो क्युप्रेसेसीच्या जवळ परतला आहे. नव्या संग्राहकांसाठी एक सूचना येथेच नोंदवतो : कोकण किनाऱ्यावरील सुरूची बोंडे शंकूसारखी दिसली, तरी सुरू हा आवृतबीज, म्हणजे बीजे फळात बंद असलेला सपुष्प वृक्ष आहे, आणि ज्यांना आपण सुया समजतो त्या त्याच्या बारीक हिरव्या डहाळ्या असतात. माझ्या पहिल्या पेटीत ही बोंडे पाइनच्या शेजारी वर्षभर होती.

सायकसच्या खणापाशी मात्र मी बराच काळ रेंगाळलो. मादी झाडाचे बीजांडे धरणारे पर्ण हातात घेतले की ते पानाचेच रूप आहे, हे कडेला ओळीने बसलेल्या बीजांडांवरून लगेच पटते. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी 1920 मध्ये पानावर बीजे धरणारे आणि खोडावर बीजे धरणारे असे जे दोन गट मांडले, ते आजच्या वंशवृक्षाशी पूर्णपणे जुळत नाहीत. तरीही भिंग घेऊन बसणाऱ्याला नमुना कसा पाहावा हे शिकवणारी याहून चांगली विभागणी मला आढळलेली नाही.

खरी अडचण उंबळीने केली. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातील नीटमची ही काष्ठमय वेल. समोरासमोर पाने, पानांत जाळीदार शिरा, फुगीर पेरी आणि फळासारखे दिसणारे मांसल आवरणाचे बीज. कोणीही तिला निःसंशय सपुष्प वेल म्हणेल. परंतु ते आवरण अंडाशयापासून बनलेले नसते, आणि बीजांड परागकणांना थेट उघडे असते. लाकडात सपुष्पांसारख्या वाहिन्या असल्यामुळे नीटम, एफेड्रा आणि वेलविचिया यांना अनेक वर्षे सपुष्प वनस्पतींचे निकटचे आप्त मानले गेले, म्हणून माझा उंबळीचा कागद संग्रहाच्या अगदी शेवटी, सपुष्पांच्या उंबरठ्यावर होता.

2011 च्या वर्गीकरणात सायकॅडिडी, गिंकोइडी, नीटिडी आणि पिनिडी असे चार उपवर्ग आहेत. त्यानुसार चार खण लावून झाले, तोच दुसरा प्रश्न उभा राहिला. अनेक जनुकीय अभ्यासांत नीटमचा गट पाइनच्या कुलाला सर्वांत जवळचा ठरतो, आणि तसे असेल तर सर्व शंकुमंत एका उपवर्गात ठेवून नीटम बाहेर ठेवणे वंशदृष्ट्या टिकत नाही. 2022 च्या मांडणीत याच कारणासाठी क्युप्रेसिडी हा उपवर्ग वेगळा केला आहे. ती मला अधिक सुसंगत वाटते, म्हणून पाचवा खण करून घेतला : मोरपंखी, यू आणि अरोकॅरिया त्यात गेले, देवदार व चिलगोजा पिनिडीत राहिले आणि त्यांना लागून उंबळी आली.

अरोकॅरियाजवळचे एक पाकीट अद्याप रिकामे आहे. ते नागेइया वॉलिचियानासाठी, म्हणजे दक्षिण भारताच्या घाटांत नैसर्गिकपणे वाढणाऱ्या एकमेव शंकुमंतासाठी राखून ठेवले आहे. उंबळीचाही माझ्याकडे केवळ नर वेलीचा नमुना आहे. मादी वेलीवरची बीजे मिळाली की त्यांचा उभा छेद घेऊन आवरणाचे रेखाचित्र पुढच्या नोंदीत देईन.